ट्राउट नाय, चार

चाचांना फोनवर कुणी त्यांच्या नावाने विचारलं की ते अगदी शांतपणे सांगायचे, "ते वारले." आणि समोरच्याला काही सुचायच्या आत पुढे विचारायचे, "मी बोलतोय. काय काम हाय?"

मी कंपनीत लागले त्या पहिल्याच आठवड्यात हे कानावर आलं आणि मी मनात म्हटलं, झालं! घरदार सोडून बहरीनला यावं आणि आपल्या वाट्याला हा नमुना यावा! ऑफिसात विचारलं तर सगळे हसून सोडून देत. "अरे, चाचा है वो," एवढंच उत्तर. जणू 'चाचा' म्हटलं की माणसाच्या डोक्याचा हिशेब लावायची गरजच नाही. मीही मग त्यांना चाचाच म्हणू लागले, आणि त्यांचं खरं नाव काय हे विचारायचं मला बरेच दिवस सुचलंच नाही.

आमची कंपनी गार देशांतून गोठवलेली मासळी आणते आणि इथल्या हॉटेलांना, दुकानांना पुरवते. वरच्या मजल्यावर ऑफिस, खाली कोल्ड स्टोअर. चाचा खाली चेकर. आलेली प्रत्येक पेटी उघडायची, मासा बघायचा, नाव बरोबर आहे का पाहायचं आणि सही करायची. त्यांच्या सहीशिवाय पेटी दाराबाहेर जात नसे. मी वर कॉम्प्युटरवर. चाचा आत भिंतीवरच्या फोनवरून सांगणार आणि मी टाइप करणार, असा आमचा संसार.

आता मी पडले सोलापूरची. आमच्याकडे पाणीच मोजूनमापून, तिथे माशांची काय कथा! शिवाय माहेरी कधी अंडंसुद्धा शिजलं नाही. मुलाखतीत मॅनेजरनी विचारलं होतं, "फिश का कुछ नॉलेज है?" मी म्हटलं, "इंशाल्ला, हो जाएगा." हे उत्तर त्यांना एवढं आवडलं की त्यांनी मला तीन महिन्यांच्या प्रोबेशनवर ठेवून घेतलं. नवऱ्याची नोकरी तेव्हा डळमळीत होती, पोराची शाळा नुकतीच सुरू झालेली. माझी नोकरी टिकली तर आम्ही इथे टिकणार, असा सगळा मामला होता. म्हणून मी माशांच्या वासालाही देवाचा प्रसाद समजून नाकात घेत होते.

चाचा राहायला आमच्याच गुदैबियात, दोन गल्ल्या सोडून. सकाळी कंपनीची व्हॅन आम्हाला एकाच कोपऱ्यावरून उचलायची. जुलै महिना, सकाळी सात वाजता अंगातून धारा लागलेल्या, आणि हा माणूस रस्त्यावर माकडटोपी घालून उभा! अंगात बायकोने विणलेला तपकिरी स्वेटर. लोक वळून वळून बघायचे. एकदा मी न राहवून म्हटलं, "अहो चाचा, टोपी तिथे गेल्यावर घाला की!"

"बाय," ते म्हणाले, "दिवसातून दहा वेळा थंडीत जायचं, दहा वेळा उकाड्यात यायचं. शरीर बिचारं गोंधळतं. मी त्याला सकाळीच सांगून टाकतो, बाबा रे, आज थंडी हाय."

मला हसू आलं. पण मी तीन महिन्यांत चारदा सर्दीने आडवी झाले आणि चाचा कधी शिंकलेसुद्धा नाहीत, हेही सांगायला हवं.

मूळचे ते रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. वडील मासेमारीत, चुलते मासेमारीत, हे स्वतः मात्र तरुणपणीच गल्फात आले. बायको गावी. बोलणं गावचंच, त्यात खलास, यल्ला, मफी हे शब्द कोकमासारखे जागोजागी. खिशात सदैव एक छोटी टॉर्च. पेटी उघडली की हातमोजा काढायचा, माशावरचं बर्फ नुसत्या अंगठ्याने चोळायचं, त्यावर टॉर्च मारायची आणि बघत बसायचं. त्या अंगठ्याची कातडी चपलेच्या तळासारखी झाली होती. मासा पसंत पडला की पेटीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायची आणि म्हणायचं, "पास." नाही पडला तर "मफी." तिसरं मत नाही.

आणि या सगळ्या माशांमध्ये त्यांचा जीव अडकलेला होता तो एका माशात. पहिल्यांदा त्यांनी मला त्याच्याबद्दल विचारलं ते चहाच्या वेळी.

"बाय, तुला चार ठाऊक हाय?"

"चार काय, चाचा?"

"चार काय नाय. नुसता चार."

"अहो पण चार कोण? चार काय? चार वस्तू? चार माणसं?"

"अगो, माशाचं नाव हाय ते! चार! थंड पाण्यातला. एवढ्या उत्तरेला गोड्या पाण्यात दुसरा मासा नाय जात. जिथं माणसाची छाती होत नाय तिथं चार ऱ्हातो."

मी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारू लागले. पण चाचा गप्प बसणारे नव्हते. त्यांनी टेबलाखालून एक वही काढली. शाळेतल्या मुलांची असते तशी लांबट, पानापानावर बॉलपेनने काढलेले मासे, एकेक ठिपका मोजून दिलेला. बाब अल बहरीनच्या बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानातून खास रंगीत पेन्सिली आणलेल्या. मायेने रंगवलेलं ते सगळं बघून मला हसावं की कौतुक करावं कळेना.

"ट्राउट नि चार, दोगं चुलतभाऊ," चाचा सांगू लागले. "दुकानदार दोगांना एकच समजतात. गाढवं! बघ, ट्राउटचं अंग उजळ, त्यावर ठिपके काळे. चारचं अंग काळसर, ठिपके पांढुरके, पिवळे, लाल. नि पंखाची कड बघ. पांढरी! धुतलेल्या सदऱ्यासारखी."

"आणि चारमध्येही प्रकार असतात?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता. त्या दिवशी चहाची सुट्टी जेवणाच्या सुट्टीला जाऊन मिळाली. जपानातला ठिपक्यांचा चार, सैबेरियाच्या तळ्यातला इवल्या तोंडाचा चार, त्याच तळ्यातला लांब पंखांचा चार, अमेरिकेतले असे चार की ज्यांना तिकडचे लोक ट्राउटच म्हणतात. या शेवटच्यांची गोष्ट निघाली की चाचांचा आवाज चढायचा. "नाव ट्राउट, जात चार! लाज नाय वाटत लोकांना?"

मी सहज म्हटलं, "एकूण जाती किती, चाचा?"

"ते कुणालाच धड ठाऊक नाय. मोठमोठे शास्त्रज्ञ भांडतायत. एक म्हणतो ही निराळी जात, दुसरा म्हणतो तीच, फक्त तळं निराळं. अगो, बर्फ वितळला, तळी एकमेकांपासून सुटी पडली, नि जो तो आपल्या तळ्यात आपल्यासारखा झाला. आपली माणसं बघ ना गल्फातली."

पण त्यांचा हुकमी किस्सा म्हणजे आइसलंडचा. नवीन माणूस दिसला की ते त्याच्यावर हा प्रयोग करायचेच. माझ्यावरही झाला.

"आइसलंडात एक तळं हाय. त्या तळ्यात चार हाय."

"किती?"

"चार."

"हो, पण किती?"

"अगो चारच! चार चार!"

"सोळा?"

मग ते टोपी मागे सारून असे हसायचे की डोळ्यांत पाणी यायचं. खरी गोष्ट अशी की त्या एकाच तळ्यात एकाच चारचे चार प्रकार आहेत. एक मोठा, तळाशी राहून गोगलगाई खाणारा. एक बुटका, काळा, दगडांच्या फटीत लपणारा. एक मधल्या पाण्यात बारीकसारीक किडे टिपणारा. आणि चौथा इतर मासे खाणारा.

"इतर म्हणजे कुठले?" मी विचारलं.

"भावांनाच खातो, आणि कोण! आमचं घर घे. आम्ही चौघे भाऊ. एक शेतात राबला, एक माळ्यावर लपून बसला, मी इकडचं तिकडचं टिपत फिरलो, नि थोरल्याने तिघांची जमीन खाल्ली. चार चार!"

एवढं सगळं असून त्यांनी चार कधी खाल्ला नव्हता. मी एकदा विचारलं, चवीला कसा असतो? तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या नातवाची चव विचारली. "मला काय ठाऊक? मी बांगडा खातो."

गावी चाचीला मात्र या माशाचा राग होता. फोन लावला की चाचा बाहेर सावलीत उभे राहून स्पीकरवर बोलत, त्यामुळे आम्हा सगळ्यांना तो संसार पाठ होता. एका ईदला चाचांनी ठरवलं की चाचीच्या ड्रेससाठी चारच्या पोटाच्या रंगाचं कापड पाठवायचं. अंडी घालायला नदीत शिरला की त्याचं पोट केशरी-तांबडं होतं म्हणे. बाब अल बहरीनच्या कापडबाजारात दुकानदार ठाण उलगडतोय आणि चाचा वही उघडून मान हलवताहेत, "हा नाय. हा नदीत शिरायच्या आधीचा. मला शिरल्यावरचा पायजे." मी सोबत होते म्हणून शपथेवर सांगते. शेवटी मिळालं, गेलं, आणि चाचीचा फोन आला.

"काय ओ, ह्यो काय रंग? ह्यो घालून रस्त्यावर उभी ऱ्हायले तर येष्टी थांबेल!"

"मग बरंच हाय की," चाचा म्हणाले, "हात दाखवायला नको."

हे वेड कधी लागलं, तेही त्यांनीच सांगितलं. पूर्वी केव्हातरी ट्राउट लिहिलेली पेटी आली होती. चाचांनी बर्फ चोळून बघितलं तर ठिपके उलटे. एका परदेशी आचाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, हा चार. चाचा त्या रात्री जेवले नाहीत म्हणे. "किती वर्षं आपण ट्राउट म्हणून सही करत होतो, बाय! आमच्या गावात कोणी हलवा दाखवून पापलेट म्हणाला असता तर बायकांनी टोपल्या घालून मारला असता. नि मी इकडं बसून बिनबोभाट खोटं लिवतोय." तेव्हापासून त्यांनी ठरवलं. नाव चुकीचं असेल तर सही नाही.

यावरून मॅनेजरांशी त्यांचं वाजायचं. मॅनेजर माणूस वाईट नव्हते, पण घाईचे. ते इंटरकॉमवर चाचांना रेसिडेंट कार्डावरच्या नावाने पुकारायचे, चाचा "वो गुजर गए, बोलो" म्हणायचे, आणि तिथूनच दोघांची सुरुवात बिघडायची.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. प्रोबेशनचे शेवटचे दिवस. नवीन माल उतरला होता. त्यातल्या एका कागदावर पाठवणाऱ्याने लिहिलं होतं, ट्राउट, अकरा पेट्या. मी ते टाइप करून ठेवलं आणि चाचांच्या फोनची वाट बघत बसले. फोन आला. आत पंख्यांचा घरघराट, चाचांच्या तोंडावर माकडटोपी.

"बाय, कागदावर काय लिवलंय? ट्राउट?"

"हो चाचा, ट्राउट, अकरा."

ते एकदम ओरडले, "ट्राउट नाय, चार!" आणि फोन ठेवला.

आमच्या ऑफिसात आकडे कुठल्याही भाषेत चालतात. "फाइव्ह, सात, टू" असा फोन नंबर सांगणारी माणसं आम्ही. मी ऐकलं ते असं: ट्राउट, नाईन, चार. म्हटलं, अकरा नाही होय? चौऱ्याण्णव! पाठवणाऱ्यांचा काय हा भोंगळ कारभार! मी अकरा खोडून चौऱ्याण्णव केलं आणि एक चूक पकडली म्हणून स्वतःवर खूश होऊन डबा उघडला.

मॅनेजरनी स्क्रीनवर चौऱ्याण्णव पेट्या ट्राउट बघितला आणि तेही खूश झाले. लगेच एका हॉटेलला फोन लावला, "ट्राउट चाहिए? जितना चाहिए उतना है!" हॉटेलवाल्यांकडे शुक्रवारी मोठं जेवण होतं. त्यांनी दहा पेट्या मागितल्या आणि मेन्यूचं कार्डसुद्धा छापून टाकलं.

बुधवारी मॅनेजर काही कामाला खाली गेले आणि धापा टाकत वर आले. "बाकी एटी-थ्री पेटी किधर गया?"

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. चोरी, चोरी! मॅनेजर, मी आणि चाचा, तिघे आत शिरलो. मला कुणाचं तरी जाडजूड जॅकेट घातलेलं, बाह्या गुडघ्यापर्यंत. उणे अठरामध्ये आम्ही पेट्या मोजतोय. अकरा. परत मोजल्या. अकरा. चाचा हैराण. "चौऱ्याण्णव कोण बोलला?"

"तुम्हीच की, चाचा! फोनवर नाही का म्हणालात, ट्राउट, नाईन, चार?"

चाचांनी तोंडावरची टोपी वर सारली. मग अगदी हळू म्हणाले, "बाय. मी बोललो, ट्राउट नाय. चार."

सोलापूरची माणसं 'नाय' म्हणत नाहीत हो! आम्ही 'न्हाई' म्हणतो! पण हे तिथे कुणाला सांगणार?  मॅनेजरना सगळं समजावून सांगायला पंधरा मिनिटं लागली, कारण त्यांना ना 'नाय' ठाऊक ना मासा चार. समजल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला. मग म्हणाले, ठीक आहे, चौऱ्याण्णव नसू देत, हॉटेलला दहाच हव्यात. चाचा, यांच्यावर ट्राउट लिहा, सही करा, उद्या सकाळी पाठवा.

"ट्राउट नाय," चाचा म्हणाले. "हा चार हाय."

"खाने वाले को क्या मालूम?"

"मला मालूम हाय ना."

मॅनेजर लालबुंद झाले. हॉटेलचं कार्ड छापलेलं. माल गेला नाही तर वरपर्यंत जाब द्यावा लागणार. ते माझ्याकडे वळले आणि सरळ सांगितलं, "मॅडम, उद्या माल नहीं गया, तो एंट्री आपका है. प्रोबेशन खलास." आणि निघून गेले.

खरं सांगते, त्या दिवशी मला चाचांचा इतका राग आला! एक सही करायची. एक शब्द. मासा मेलेला, गोठलेला, उद्या कुणीतरी लिंबू पिळून खाणार, त्याचं नाव काय असलं म्हणून काय फरक पडतो? इथे जिवंत माणसांचा संसार उठायची वेळ आलेली. मी वर जाऊन जागेवर बसले आणि घळाघळा रडले. पोराच्या शाळेच्या बुटांचं माप गेल्या आठवड्यातच घेतलं होतं, तेच सारखं डोळ्यांपुढे येत होतं.

थोड्या वेळाने चाचा वर आले. मी लागल्यापासून ते जिना चढून वर आल्याचं मी कधी बघितलं नव्हतं. टोपी हातात, डोक्यावर पांढरे केस चपटे बसलेले, वय एकदम दिसत होतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "रडू नको गो. चहा सांग."

मी चहा सांगितला. रागाने साखर न विचारता सांगितला.

"एक सांगतो," ते म्हणाले. "त्या पेट्यांतल्या माशाच्या पाठीवर वेड्यावाकड्या रेघा हायत. डाक्टरच्या अक्षरासारख्या. त्या जातीला इंग्रजीत ब्रूक ट्राउट म्हणतात. अख्खी दुनिया म्हणते. पुस्तकात पण तेच."

मी नाक पुसायची थांबले. "म्हणजे? म्हणजे ट्राउट लिहिलं तर खोटं नाही?"

"नुसतं ट्राउट लिवलं तर खोटं. ब्रूक ट्राउट लिवलं तर खोटं नाय."

"अहो मग मघाशी का नाही बोललात? माझा जीव गेला ना इथे!"

"कारण तो चार हाय!" चाचा म्हणाले. "दुनिया कायपण म्हणो. मी आजवर त्याला ट्राउट म्हटलं नाय, नि कागदावर तर कधीच लिवलं नाय. हे एवढं एकच मी धरून ठेवलेलं, बाय."

 त्यांनी खिशातून पाकीट काढलं, त्यातून आपलं रेसिडेंट कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं.

"वाच."

मी वाचलं. मॅनेजर पुकारायचे तेच नाव.

"हे माज्या बापाचं नाव. नि पुढचं हाय ते गावाचं. पासपोर्ट काढताना एजंटाने फॉर्म भरला, बापाचं लिवलं, गावाचं लिवलं, माजंच ऱ्हायलं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. इकडं आलो तर व्हिसावर तेच, कार्डावर तेच. दुरुस्त करायचं तर गावी जा, कागद आण, महिनोन्‌महिने बस. कोण रजा देतो? तीस वर्षं झाली. अख्खं बहरीन माज्या बापाला हाका मारतंय. नि तो तर कधीच वारला."

मला हसू आलं, आणि हसतानाच स्वतःची लाजही वाटली. तीन महिने मी या माणसाची टिंगल करत होते. ते बिचारे खरं तेच सांगत होते.

"म्हणून माशाच्या नावाचं एवढं..." मी म्हटलं.

"म्हटलं, आपलं ऱ्हायलं ते ऱ्हायलं, त्यांचं तरी नीट लिवू." त्यांनी कार्ड परत पाकिटात घातलं. "पण आता खाली बसून इचार केला. माजं नाव चुकलं, म्हणून मी काय दुसरा कोण झालो? बाप झालो? तसा त्याला ट्राउट म्हटलं म्हणून काय त्याचे ठिपके बदलणार हायत? दे तो कागद."

मी टाइप केलं. ब्रूक ट्राउट, दहा पेट्या. चाचांनी प्रत्येक अक्षरावर टॉर्च मारून वाचलं आणि सही केली. सही करताना त्यांनी तोंड असं केलं होतं की जणू कारल्याचा रस प्यायला दिलाय. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "माज्या नको पाया पडू. चारच्या पड."

दुसऱ्या दिवशी माल गेला आणि मी देवाला साखर ठेवली. पण प्रकरण तिथे संपलं असतं तर ते चाचा कसले? दुपारी हॉटेलच्या स्टोअरमधून फोन आला. तिथला माणूस उत्तरेकडचा.

"मॅडम, हर डिब्बे पे हिंदी में चार लिखा है. अंदर सोलह-सोलह मछली निकल रही है. बाकी की वापस भेजूँ क्या?"

मला काही कळेना. मग एकदम उजेड पडला. सही करून खाली गेल्यावर चाचांनी मार्कर घेतला होता आणि दहाच्या दहा पेट्यांवर, छापील 'ब्रूक ट्राउट'च्या खाली, मोठ्या देवनागरी अक्षरांत कंस करून लिहिलं होतं: चार.

"नहीं नहीं, रख लीजिए सब," मी घाईघाईने म्हटलं. "वो गिनती नहीं है. नाम है."

"किसका नाम?"

"मछली का."

"मछली का नाम चार है?" तो म्हणाला. "तो फिर सोलह का नाम क्या है?"

मी फोन ठेवला आणि पोट धरून हसले. मॅनेजरही नंतर हसले, पण त्यांनी तेव्हापासून चाचांच्या कुठल्याच पेटीवर काय लिहिलंय हे विचारणं बंद केलं. सोमवारी माझं प्रोबेशन पूर्ण झाल्याचं पत्र आलं.

त्यानंतर आम्ही कितीतरी वर्षं एकत्र काढली. पोरगं मोठं झालं, आता मी मराठीत विचारलं की ते इंग्रजीत उत्तर देतं, पण दुकानात मासे दिसले की आधी ठिपके बघतं. फोनवर मी चाचांना प्रत्येक वेळी विचारायची, "नाय म्हणजे नाही ना?" आणि ते म्हणायचे, "नाय म्हणजे नाय!"

या वर्षी त्यांचा व्हिसा संपला. गुडघे बर्फाने कुरकुरायला लागले होते, चाचीनेही फोनवर निर्वाणीचं सांगितलं, "आता येताव का मी येऊ?" वही त्यांनी माझ्या पोराला दिली. कंपनीकडून अनुभवाचं प्रमाणपत्र करायचं काम माझ्याकडे आलं. मी चाचांना फोन केला, "चाचा, तुमचं नाव सांगा. खरं."

फोनवर पंख्यांची घरघर. त्यांनी सांगितलं, पण मी लिहिलं नाही. एकदा हात पोळलेले. मी जाड जॅकेट चढवलं, चाचांची जादा माकडटोपी खुंटीवर होती ती घातली आणि खाली आत गेले. समोर उभी राहिले. म्हटलं, "आता टोपी वर करा आणि एकेक अक्षर सांगा." त्यांनी सांगितलं. मी तळहातावर लिहून घेतलं, बॉलपेनची शाई गोठत होती तरी.

पण सिस्टीम ती सिस्टीम. तिथे कार्डावरचंच नाव येणार, दुसरं घेतच नाही. प्रिंट काढली तर वडिलांचं नाव, गावाचं नाव, आणि त्यांनी इतकी वर्षं प्रामाणिकपणे काम केलं वगैरे. मी कागद समोर ओढला. मग पेन घेतलं, छापील नावाच्या खाली कंस केला आणि आत देवनागरीत, गोल गोल अक्षरांत, त्यांचं स्वतःचं नाव लिहिलं.

मॅनेजरांकडे सहीला नेलं. त्यांनी बोट ठेवलं. "ये नीचे क्या लिखा है?"

"सर," मी म्हटलं, "वो चार है."

त्यांनी हात जोडले, काही न विचारता सही केली आणि शिक्का मारला. शिक्का नेमका बाजूला पडला, नाव मोकळं राहिलं.

चाचा खाली दाराशी बसले होते, स्वेटर घालून, बॅग शेजारी. मी कागद हातात दिला. त्यांनी खिशातून टॉर्च काढली. भर दुपार, लखलखीत ऊन, तरी टॉर्च मारली. वरचं छापील वाचलं, मान हलवली. मग खाली कंसावर आले. त्या जाड अंगठ्याने ती अक्षरं हळूच चोळली, बर्फ चोळायचे तशी. एकदा, दोनदा. ओठ हलत होते. मी श्वास धरून उभी होते, एखादी वेलांटी चुकली असेल तर आता मफी म्हणणार म्हणून.

त्यांनी कागद बॅगेवर ठेवला, बोटाच्या पेराने त्यावर दोनदा टकटक केली आणि म्हणाले, "पास."